टोचनच्या दोराचा धोका

बंद पडलेली मोटार दुसऱ्या मोटारीला दोराने बांधून गॅरेजकडे नेणे, हे कल्याण-शिळ मार्गावरून जाणाऱ्या डोंबिवलीकरांना परिचित दृश्य. यालाच आपण टोचन म्हणतो. त्यातील धोका मात्र कोणी फारसा गांभीर्याने घेत नाही.

दोर केवळ ओढतो, थोपवू शकत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की मागची मोटार त्याच्यावर आदळण्याची भीती. कोपर पुलाच्या उतारावर तर ती अधिकच. त्यात इंजिन बंद असल्याने मागच्या मोटारीचा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड झालेली असतात. लोखंडी दांडा वापरल्यास अंतर कायम राहते. अर्थात तो बंपरला नव्हे, टोचनसाठी दिलेल्या हुकालाच जोडावा लागतो.

सर्वाधिक धोका तिसऱ्याच माणसाला, म्हणजे दोन मोटारींच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाकीस्वाराला. संध्याकाळी त्याला दोर दिसतच नाही. म्हणूनच दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे, दोर ठळक दिसावा, मागे ‘ऑन टो’ असा फलक असावा आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत राहावा, असे बंधन १९८९ च्या नियमावलीने घातले होते. २०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. असा फलक मात्र रस्त्यावर क्वचितच आढळतो. दोराला लाल फडके बांधण्यास तर पैसाही लागत नाही. नो-पार्किंगमधील दुचाकी उचलताना दिसणारी तत्परता येथेही दिसावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.