याला वाफ म्हणू नका!

मराठीत 'वाफ' हा शब्द मोठा मायेचा आहे. सर्दी झाली की आजी पातेल्यात पाणी उकळून डोक्यावरून पांघरूण घालून वाफारा द्यायची. भाताची वाफ, मोदकांची वाफ... वाफेने कुणाचे वाईट होईल असे आपल्या मनातही येत नाही. नेमक्या याच शब्दाच्या आडून ई-सिगारेट घरात शिरते आहे. इंग्रजीत 'वेप' म्हणतात, म्हणजे वाफच की! ज्याने उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला, त्याला शब्दाचा हा गैरवापर सोसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या नळीतून येते ती वाफ नव्हे. आत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाची रसायने असतात. बॅटरीवरची तार हा द्रव तापवते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. तापताना फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात, तारेतले निकेलसारखे धातूही त्यात उतरतात. आजीचा वाफारा बहुतेक नाकाघशातच विरतो. हे थेंब मात्र थेट फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

माझे एक जुने सहकारी आहेत, गणिताचे शिक्षक. त्यांना सीओपीडी आहे. एक जिना चढायचा तर दोनदा थांबावे लागते, खिशात पंप कायमचा. इंग्लंडहून आलेल्या मुलाने त्यांना ही नळी आणून दिली. मी बोललो तर म्हणाले, "अहो सर, यात धूर कुठे आहे? सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक, असे तिकडचे सरकारच सांगते!"

हा आकडा पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने २०१५ साली उचलून धरला, हे खरे. पण तो तज्ज्ञांचा अंदाज होता, दमेकऱ्यांची फुफ्फुसे तपासून काढलेले गणित नव्हते. आणि तुलना कशाशी? सिगारेटशी! विषाशी तुलना केली तर काहीही औषध ठरेल. ज्याच्या वायुकोशांच्या भिंती आधीच फुटल्या आहेत, त्याने तुलना स्वच्छ हवेशीच करायला हवी. गेलेले वायुकोश परत येत नाहीत. उरलेले जपणे एवढेच हाती असते.

वेपमुळे सिगारेट सुटायला मदत होते, हा समोरच्यांचा मुद्दा मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. वर्षानंतर वेपच्या गटात १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या वगैरे वापरणाऱ्यांत ९.९ टक्के. पण पुढचे वाक्यही वाचा ना! वेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. पट्ट्या-गोळ्यांच्या गटात त्यांना चिकटून राहिलेले फक्त ९ टक्के. पाय बरा झाला तरी कुबडी सुटेना, याला बरे होणे म्हणायचे का?

सीओपीडीच्या रुग्णाला खरा आधार दुसरीकडे आहे. अमेरिका आणि कॅनडात श्वासनलिका अरुंद होऊ लागलेल्या धूम्रपान्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे ११ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एका सेकंदात जोराने फुंकता येणारी हवा, सिगारेट ओढत राहिलेल्या पुरुषांत दरवर्षी ६६ मिलिलिटरने घटली. सुरुवातीलाच सोडलेल्यांत ३० ने. त्या अभ्यासात निकोटिनचा च्युइंगगम दिला होता. म्हणजे निकोटिनची तलफ तोंडावाटे भागवता येते, त्यासाठी फुफ्फुसे वेठीला धरावी लागत नाहीत.

आपल्या देशात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे. त्याच देशात सिगारेट मात्र टपरीटपरीवर राजरोस मिळते. हा ढोंगीपणा आहेच, पण म्हणून वेप निर्दोष ठरत नाही.

परदेशी असलेल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. आईवडिलांची काळजी वाटते ना? मग बॅगेत ही नळी आणू नका. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, पंप नीट ओढतात का ते पाहा, श्वसनाचे व्यायाम शिकवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी, विनाशुल्क क्रमांक आहे. तो फिरवा आणि तलफ येईल तेव्हा त्यांच्याजवळ बसा.