शाळेच्या वेळची पोटदुखी

सकाळीं दहाचा सुमार झाला, कीं आमच्या आठ वर्षांच्या पुतण्याचें पोट दुखूं लागे. शाळेची वेळ टळली, कीं थांबे. रविवारीं तक्रार नसे. 'सोंग आहे' असा निकाल वडील मंडळींनीं दिला, व आम्हीही त्यास मान डोलाविली. भीतीनें पोटांत खरोखरच कळ येते, हें आम्हांस उशिरां उमगलें. उनाड मुलगा घरच्यांना चुकवून बाहेर भटकतो. भ्यालेलें मूल घरच्यांच्या देखत घरींच राहूं पाहतें. हा भेद अमेरिकेंत ब्रॉडविन् यांनीं १९३२ सालीं मांडला.

डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घ्यावी, हें आधीं. नंतर मात्र घरीं ठेवून घेतल्यानें दुखणें वाढतें: त्या दिवसापुरती भीति शमते, व दुसरे दिवशीं दुणावून येते. आमच्याकडे हेंच झालें. वहिनी उंबऱ्यापर्यंत नेत, आजोबा छडी दाखवीत, आणि आजी लाडू देऊन मांडीवर घेई. (आजीला दोष देणें सोपें, रडें थांबलें म्हणून आम्हांसही हायसें वाटे.)

शेवटीं सर्वांनीं एकच बोलावयाचें ठरविलें. प्रथम शाळेच्या फाटकापर्यंत, मग तासभर वर्गांत, मग मधल्या सुट्टीपर्यंत. वर्गाच्या बाईंशीं बोलतां कळलें, कीं मोठ्यानें वाचतांना तो अडखळे व मुलें हंसत. कांहीं दिवस बाईंनीं त्याचें वाचन एकट्यानें घेतलें. महिन्याभरांत तो पूर्ण वेळ बसूं लागला. सोमवारीं सकाळीं हात अजून पोटाकडे जातो. पण दप्तर तो आपणहून उचलतो.