कॅनव्हासवरचा मजूर आणि गाण्याखालचं नाव

१९व्या शतकातल्या फ्रेंच कलेने सामान्य माणसाचा गौरव केला, हे वाक्य समाजशास्त्राच्या चर्चांमध्ये इतक्या सहज येतं की हा गौरव कोणी केला आणि तो कोणाच्या नावावर जमा झाला, हे विचारायचं राहूनच जातं.

गुस्ताव कूर्बेपासून सुरुवात करू. १८५०-५१ साली पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात त्याने ओर्नां या आपल्या गावातल्या दफनविधीचं चित्र मांडलं. तीन मीटरहून उंच, साडेसहा मीटरहून रुंद. एवढा कॅनव्हास तोवर राजे, देव आणि लढाया यांच्यासाठी राखलेला असे. इथे त्यावर गावचीच माणसं उभी होती, जवळपास खऱ्या आकाराची. टीकाकारांनी चित्राला कुरूप म्हटलं. खरं दुखणं जागेचं होतं. कोणी किती जागा व्यापायची हे ठरलेलं असतं, आणि ते कोणी मोडलं की लगेच सौंदर्याचे नियम आठवतात. हे आपल्याला पॅरिसने शिकवायची गरज नाही.

पण त्याच प्रदर्शनात कूर्बेचं खडी फोडणाऱ्यांचंही चित्र होतं. एक म्हातारा, एक पोरगा. दोघांचेही चेहरे दिसत नाहीत. झां-फ्रान्स्वा मिलेच्या १८५७ च्या चित्रात तीन बाया वाकून सरवा वेचतात, मागे दूरवर दुसऱ्याच्या पिकाच्या गंजी. मिले शेतकऱ्याचा मुलगा, त्याला ते वाकणं ठाऊक होतं. तरीही त्या बायांचं म्हणणं काय, हे चित्र सांगत नाही.

म्हणून मला गाणं जास्त महत्त्वाचं वाटतं. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यून चिरडला गेला. जूनमध्ये, लपून राहत असताना, कापडावरची नक्षी काढून पोट भरलेल्या युजेन पोतिएने ‘इंटरनॅशनल’ लिहिलं. १८८८ साली लील शहरातला कारखाना कामगार पिएर देगेतेर याने त्याला चाल लावली आणि कामगारांच्याच गायकवृंदाने ते गायलं. इथे मजूर कोणाच्या चित्राचा विषय नव्हता, तो स्वतः रचत होता. मात्र नोकरी जाऊ नये म्हणून छापताना फक्त आडनाव दिलं गेलं. पुढे सख्ख्या भावानेच त्या चालीवर हक्क सांगितला. १९१४ साली कोर्टाने भावाच्या बाजूने निकाल दिला; पिएरचा हक्क मान्य झाला तो १९२२ मध्ये. तोवर तो सत्तरी ओलांडून गेला होता आणि चाल जगभर पोचली होती.

वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ का येतो, हे मला देगेतेरची गोष्ट वाचल्यावर जास्त कळलं. नाव गाण्यातच विणलेलं असलं की ते सिद्ध करायला कोर्टात जावं लागत नाही. तरी वेळ कमी आहे म्हणत नेमकं तेच कडवं गाळणारे भेटतात. आणि संपादित संग्रहांत आपल्या कितीतरी गाण्यांखाली अजूनही एकच शब्द छापलेला असतो: पारंपरिक.