भर उन्हात गेलेली वीज

वीज जाण्याचे आमच्या गावांना नवल नाही. कंदिलाची काच पुसून ठेवण्याची सवय कित्येक घरांत अजून आहे. परंतु २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन देशांच्या मुख्य भूमीवरील वीज एकदमच गेली. आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, माणसे लिफ्टमध्ये अडकली, आणि बातमी कळावी म्हणून लोकांनी बॅटरीवरचे रेडिओ शोधून विकत घेतले. त्या घटकेस स्पेनची निम्म्याहून अधिक वीज सूर्यापासून निर्माण होत होती.

हे सूर्यावर विसंबल्याचे फळ, असे पुष्कळांनी तत्काळ ठरविले. आम्हांस तो निवाडा घाईचा वाटतो. जूनमध्ये स्पेन सरकारचा अहवाल निघाला, त्यात दोष उन्हाचा नव्हे, विजेच्या दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा, आढळला. हा दाब मर्यादेत राखण्याचे काम ज्या जुन्या धर्तीच्या केंद्रांकडे होते, ती त्या दिवशी कमी पडली. सौरकेंद्रांना तर नियमाने ते काम दिलेलेच नव्हते. दाब चढला, केंद्रे एकामागून एक जाळ्यातून बाहेर पडली आणि पाच सेकंदांत सुमारे १५,००० मेगावॅट वीज नाहीशी झाली. ज्याला बांधाची राखण सांगितलीच नाही, त्याच्या माथी बांध फुटल्याचा दोष मारणे न्यायाचे नाही.

पुन्हा दिवे कसे लागले, हे अधिक पाहण्याजोगे आहे. बंद पडलेले मोठे केंद्र बहुधा बाहेरून वीज मिळाल्यावाचून चालू होत नाही. धरणाच्या पाण्यावरील काही केंद्रे मात्र स्वतःच्या बळावर उठतात. स्पेनने ती चालविली. फ्रान्स व मोरोक्को ह्या शेजाऱ्यांनी तारांवाटे वीज पाठविली. पोर्तुगालात कास्तेलो द बोद येथील धरण व वायूवर चालणारे एक केंद्र ह्यांनी आरंभ केला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक सर्व वीज परत आली होती.

आमच्याकडेही आता कौलांवर, गच्चीवर सोलर पॅनेल चढू लागले आहेत. ते बसविण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी. बाहेरच्या तारेशी जोडलेली साधी यंत्रणा गावची वीज जाताच आपण होऊन बंद पडते, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला तिचा धक्का बसू नये. स्पेनमधील अशा घरांची त्या दुपारी हीच गत झाली. निराळी बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर असेल तरच घरात दिवा राहतो, आणि त्याचा खर्च विकणारा बहुधा शेवटी सांगतो.