पत्र्याखालची जात

उन्हाळा लागला की सरकार सांगते, दुपारी घराबाहेर पडू नका. आमच्या वस्तीत हा सल्ला ऐकून हसावे की रडावे तेच कळत नाही. घरात बसायचे म्हणजे पत्र्याखाली बसायचे. मराठवाड्यात मे महिन्यात आमची म्हातारी माणसे दुपार काढायला लिंबाखाली जातात, ती हौस म्हणून नव्हे.

उष्णता थोपवायची विद्या गावाला ठाऊक नव्हती, असे नाही. पाटलाच्या वाड्याच्या माळवदावर मातीचा जाड थर होता. कौलारू घराला माळा होता आणि कौल व माळा यांच्यामधली हवा ऊन खाली उतरू देत नव्हती. ही विद्या गावकुसाच्या आत राहिली. बाहेर गवताचे छप्पर होते. थंड, पण एका ठिणगीचे धनी. पोरे मुंबईला कमवू लागली तेव्हा पत्रा आला, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटला. म्हणून पत्र्याला नावे ठेवून मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांशी आमचे पटत नाही. ते घर दरवर्षी लिंपायला आमच्याच आयाबहिणी लागतात.

उन्हाबद्दल निदान बोलले तरी जाते, ओलीबद्दल कोणी बोलत नाही. हिवाळ्यात पहाटे पत्र्यातून अंथरुणावर थेंब पडतात. पाऊस नाही, मग पाणी कुठले? ते आपलेच असते. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतो. एका खोलीत पाच माणसे आठ तास झोपली की दीड लिटरच्या वर पाणी हवेत जाते. स्वयंपाकाचा १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होते, ते वेगळेच. पत्रा रात्री उघड्या आभाळाखाली गार पडतो आणि हे बाष्प त्याला चिकटून गळते. मग भिंतीला बुरशी, कपड्यांना कुबट वास, लेकराला दम. शाळेतले गुरुजी म्हणतात, हे लोक स्वच्छ राहत नाहीत!

लोक आपल्या परीने उपाय करतात. पत्र्याला खालून थर्मोकोल चिकटवतात, वरून ताडपत्री टाकतात. फटी राहिल्या की बाष्प थर्मोकोलच्या मागे शिरते आणि तिथेच साचते. लाकडी वासे कुजतात, पत्रा गंजतो. आमचा अनुभव असा, की आधी वरून पांढरा चुना मारावा. खाली छत करायचेच असेल तर पत्र्यापासून वीतभर अंतर सोडावे आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची वाट ठेवावी. चुलीजवळ, उंचावर झरोका हवाच. पण झरोका पाडायला पलीकडे मोकळी जागा लागते. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत ती कुठून आणायची?

म्हणून हा प्रश्न एकट्या घरमालकाचा नाही. केंद्राच्या ग्रामीण घरकुलाचा निकष २५ चौरस मीटरचा, मूळ रक्कम सपाट भागात १.२० लाख. टप्प्याटप्प्याने फोटो काढतात, तेव्हा कुठे हप्ता पडतो. त्या फोटोत छप्पर दिसते, छपराखालची धग दिसत नाही. जोत्यात ओल अडवणारा थर घातला की नाही, तेही दिसत नाही. यावर अधिकारी म्हणतात, फुकटात घर मिळते आहे, आणखी काय हवे?

आणखी काय हवे ते सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश हा खटला दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीवरूनच उभा राहिला होता. जमीनमालक हरले. निवारा म्हणजे डोक्यावर केवळ छप्पर नव्हे. त्यात पुरेसा उजेड आणि शुद्ध हवाही येते, असे न्यायालयाने म्हटले. ही भीक नाही, कलम २१ आहे.

तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण काढले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने निदान रमाईच्या नावाच्या घरकुलात तरी चुन्याचा हात, झरोका आणि जोत्यातला थर अंदाजपत्रकात लिहावा, त्याचे पैसे वेगळे द्यावेत. येत्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचतील, तेव्हा आम्ही हे लेखी देणार आहोत. तुमच्या गावातही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.