कुंडीला तहान लागली का?

बालमित्रांनो, पाणी मिळालं नाही की कुंडीतलं झाड मरतं, हे कुणीही सांगेल. पण जास्त पाण्यानंही ते मरतं, हे ठाऊक आहे का? सकाळी आईनं पाणी घातलं, पूजा झाल्यावर आजीनं तांब्याभर ओतलं आणि शाळेतून आल्यावर तुम्हीही प्रेमानं एक पेला रिकामा केला. बिचारी तुळस!

त्याचं असं आहे, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतल्या हवेतला ऑक्सिजन मुळं घेतात. या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या, की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर ओढता येत नाही. मग ओल्या मातीतलं झाडही तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं. आपल्याला वाटतं, सुकलं! आणि आपण आणखी पाणी घालतो.

मातीच्या आत काय चाललंय, ते कळायला हल्ली स्मार्ट सेन्सर मिळतो. मातीत खोचायची ही एक पट्टी. तिच्यात धातूचे दोन पातळ थर असतात आणि त्यांवर संरक्षक लेप असतो. आजूबाजूला पाणी किती आहे, त्यावर या थरांची विद्युतभार साठवायची क्षमता ठरते. या बाबतीत हवेला 1 गुण दिला, तर कोरड्या मातीला साधारण 3 ते 5 मिळतात आणि पाण्याला तब्बल 80! म्हणून थोडी ओल वाढली तरी पट्टीला लगेच कळतं. काही सेन्सर हा आकडा ब्लूटूथनं मोबाइलवर पाठवतात.

दुसरा, स्वस्त प्रकार दोन उघड्या पायांचा. त्यात मातीतून वीज जाऊ देतात. पण विजेमुळे हे पाय गंजतात. शिवाय खतातल्या क्षारांतून वीज सहज वाहते, त्यामुळे खत घातलं की हा सेन्सर फसतो. माती आहे त्याहून ओली आहे, असं सांगतो!

आता खरी गोष्ट ऐका. मोबाइलवर ‘30’ दिसलं, म्हणजे पाणी घालायचं का? ते सेन्सरला कसं कळणार? कोरफड पानांत पाणी साठवते, तिला दोन पाण्यांच्या मध्ये माती कोरडी झालेली आवडते. पुदिन्याला मात्र ओल हवी. तुळशीला पाणी हवं, पण साचलेलं नको. आकडा एकच, उत्तरं तीन! सेन्सर फक्त ओल मोजतो. झाड ओळखायचं काम तुमचं.

म्हणून आधी हा प्रयोग करा. आठवडाभर रोज ठरावीक वेळी मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडी, दमट की ओली, ते वहीत लिहा. कुंडी उचलता येण्याजोगी असेल तर उचलून बघा. पाणी प्यालेली कुंडी जड लागते. पाणी कुणी, किती घातलं, तेही लिहा. आई-बाबांनो, सेन्सर विकत घेण्याआधी ही वही जरूर वाचा. घरात दोघं-तिघं पाणी घालत असतील, तर लगेच उघड होईल!

मग सेन्सर आणलात, किंवा शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मिळाला, तर आधी कोरड्या मातीतला आकडा लिहा. नंतर भरपूर पाणी घालून, जादा पाणी खालून निथळल्यावरचा आकडा लिहा. तुमच्या कुंडीचा आकडा या दोघांच्या मध्ये कुठंतरी असेल. पट्टी मुळांपर्यंत जाऊ द्या आणि भोवतीची माती दाबून घ्या. पोकळी राहिली तर ती हवाच मोजेल. पट्टीवरच्या रेघेच्या वरचा भाग मात्र भिजू देऊ नका.

आणि हो, आज एक काम नक्की करा. कुंडीच्या तळाचं भोक बुजलंय का, ते बघा. बुजलं असेल, तर मोकळं करा. पाण्याला वाट मिळाली, की मुळांना हवा मिळेल!