टेकड्यांची यादी हवी

भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तिन्ही डोंगर तुकोबांच्या चिंतनाशी जोडलेले, म्हणून त्यांची नावे टिकली. पण चाकण, तळेगाव, निगडीच्या आसपासच्या बिननावाच्या टेकड्यांचे काय? आपण किल्ले मोजतो, कळसूबाईचे १६४६ मीटर पाठ करतो. लहान टेकडी कोणत्याच यादीत बसत नाही. वेल्समधल्या हौशी डोंगरप्रेमींनी यावर सुंदर वाट काढली. समुद्रसपाटीपासूनची उंची ते दुय्यम मानतात. माथ्यावरून निघून अधिक उंच जमिनीवर जायचे, तर वाटेतल्या खिंडीपर्यंत किमान किती उतरावे लागते, ते पाहतात. हा उतार ३० मीटर भरला, की टेकडी यादीत! मोजणी नव्याने झाली की यादीही सुधारतात. ही कसोटी मला फार न्याय्य वाटते, कारण पठारावर उभी असलेली बुटकी टेकडीही तिच्यात स्वतःच्या बळावर उतरते. आपल्याकडे काम अवघड आहे, हे खरे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. त्यात ३० मीटरची टेकडी एक-दोन रेषांतच संपते. म्हणजे माथा आणि खिंड दोन्हीकडे पायी जाऊन मोजणे आले. तरी ते टाळून चालणार नाही, कारण दगडखाणीने कापलेला माथा पुन्हा उगवत नाही आणि नोंदच नसेल तर तो गेल्याचे सिद्धही करता येत नाही. पिंपरी-चिंचवड, चाकणमधल्या गिर्यारोहण संस्थांनी आणि भूगोलाच्या शिक्षकांनी ही यादी याच हिवाळ्यात हाती घ्यावी.